ट्रंकेतली साडी नेमकी किती जुनी? वस्त्रे, दागिने आणि घड्याळे यांचा काळ ओळखण्याची रीत

मराठी घरांमधल्या लोखंडी ट्रंकांत आणि माळ्यावरच्या पेट्यांत आजही नऊवारी साड्या, खणाच्या चोळ्या, उपरणी, जरीच्या टोप्या आणि बंद पडलेली घड्याळे जपून ठेवलेली असतात, आणि त्यांच्याविषयी विचारले तर ‘शंभर वर्षांपूर्वीची’ किंवा ‘पणजीच्या वेळची’ एवढेच उत्तर मिळते. हे उत्तर कधी खरे निघते, तर कधी पन्नास वर्षांनी चुकलेले असते. वस्तूचे वय कळल्याशिवाय ती धुवावी का, कशी ठेवावी, वापरावी की जपावी, यांपैकी कोणताही निर्णय नीट घेता येत नाही; आणि जुनी पैठणी जरीतल्या चांदीसाठी जाळायला देणे हा निर्णय तर एकदा घेतला की परत फिरवता येत नाही. अशा कितीतरी पैठण्या आपल्याकडे नाहीशा झाल्या आहेत, याची मनापासून खंत वाटते. पुढे दिलेल्या रीतीला प्रयोगशाळा लागत नाही. वेळ, चांगला उजेड आणि दिसेल तेवढेच लिहून ठेवण्याची शिस्त मात्र लागते.

सर्व तपासणीच्या मुळाशी असलेला नियम

कोणतीही वस्तू तिच्यातल्या सर्वांत नव्या मूळ घटकापेक्षा जुनी असू शकत नाही. साडीच्या काठात पॉलिस्टरचा धागा मुळातच विणलेला असेल, तर बाकी सगळे कितीही जुने दिसले तरी ती साडी पॉलिस्टर बाजारात येण्यापूर्वीची नव्हे. यात ‘मूळ’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण जुन्या साडीला नंतर फॉल लावलेला असतो, फाटलेल्या जागी रफू केलेले असते, चोळीचे हूक बदललेले असतात, आणि हे नंतरचे घटक दुरुस्तीचा काळ सांगतात, वस्तूचा नाही. म्हणून प्रत्येक खूण सापडली की आधी विचारायचे की ही मूळची आहे की नंतर लागलेली, आणि मगच ती हिशेबात धरायची.

अशा खुणांमधून दोन मर्यादा मिळतात: वस्तू अमुक वर्षाच्या आधीची असू शकत नाही ही एक, म्हणजे ‘आधीची मर्यादा’, आणि अमुक वर्षाच्या नंतरची असण्याची शक्यता कमी आहे ही दुसरी, म्हणजे ‘नंतरची मर्यादा’. पहिली मर्यादा बहुधा भक्कम असते, दुसरी सैल. दोन्ही जितक्या जवळ आणता येतील तितके उत्तर नेमके होते. नक्षी आणि घडण यांना मी सर्वांत शेवटी विचारात घेतो. आसावलीची वेल, कोयरी, कोल्हापुरी साज किंवा ठुशी यांची घडण पिढ्यान्‌पिढ्या तीच राहिली आहे. गेल्या महिन्यात विणलेल्या पैठणीवरही पेशवेकालीन वाटणारी आसावली असू शकते.

पहिली पायरी: काहीही न धुता पाहणे

वस्तू हातात आली की ती धुण्याचा, ड्रायक्लीनिंगला देण्याचा किंवा इस्त्री करण्याचा मोह आवरावा. घडीच्या रेषा, हळदी-कुंकवाचे डाग, घामाच्या खुणा, काठावरचा पुसट शिक्का आणि चिकटवलेला कागद हे सगळे पुरावे आहेत आणि पहिल्या धुण्यातच ते जातात. जमिनीवर किंवा पलंगावर स्वच्छ पांढरी सुती चादर अंथरावी, हात धुऊन पूर्ण कोरडे करावेत, अंगठ्या आणि बांगड्या काढून ठेवाव्यात आणि खिडकीजवळच्या पण थेट ऊन न येणाऱ्या उजेडात वस्तू उलगडावी. घडीवर रेशीम चिरले असेल तर ओढून सरळ करू नये. जवळ दहापट मोठे दाखवणारे भिंग, इंच आणि सेंटिमीटर दोन्ही असलेली टेप, बारीक चिमटा, अतिनील किरणांची छोटी विजेरी आणि वही असावी. प्रत्येक गोष्टीचा फोटो टेप शेजारी ठेवून काढावा, म्हणजे नंतर माप शोधावे लागत नाही.

दुसरी पायरी: घरातली माहिती गोळा करणे

घरातल्या वडीलधाऱ्यांना ‘ही साडी कधीची’ असे विचारले तर अंदाज मिळतो; ‘ही कोणी, कोणत्या कार्यात नेसली होती, कोणत्या दुकानातून आणली, तेव्हा तुम्ही कितवीत होता’ असे विचारले तर तारीख मिळते. लग्नपत्रिका, मुंजीची निमंत्रणे, दुकानाची बिले आणि जुने अल्बम बाहेर काढावेत. फोटो काळा-पांढरा असला तरी काठाची रुंदी, बुट्ट्यांमधले अंतर आणि पदराचे पट्टे त्यात दिसतात, आणि फोटोतल्या व्यक्तीच्या वयावरून वर्ष बऱ्यापैकी ठरते. फोटोत तीच साडी ओळखता आली, तर ती त्या तारखेला अस्तित्वात होती हे निश्चित झाले. कालनिश्चितीत याहून चांगली नंतरची मर्यादा क्वचितच हाती लागते.

एक सावधगिरी मात्र ठेवावी. ‘आजीच्या लग्नातला शालू’ हे वाक्य खरे असले तरी तो शालू आजीच्या सासूचा असू शकतो, कारण सुनेला घरातली जुनी जरीची साडी देण्याची चाल अनेक घरांत होती. उलट आजीच्या नावाने जपलेली साडी प्रत्यक्षात तिच्या साठीला घेतलेलीही असते. घरातली हकीकत वहीत वेगळ्या पानावर लिहावी आणि वस्तूवरच्या खुणा वेगळ्या पानावर. दोन्हींची गाठ शेवटी घालावी.

तिसरी पायरी: शिक्के, चिठ्ठ्या आणि पत्ते

साडीच्या विणलेल्या टोकाला, धोतराच्या काठावर, टोपीच्या अस्तराला किंवा खोक्याच्या झाकणावर छापलेला एखादा शब्द तासभराच्या तर्कापेक्षा जास्त सांगतो, म्हणून या पायरीवर घाई करू नये. काठाची उलटी बाजू भिंगाखाली पूर्ण पाहावी. गिरणीचे शिक्के बहुधा तिथेच असतात आणि तिरप्या उजेडात पुसटलेली अक्षरेही वाचता येतात.

पहिली खूण म्हणजे किंमत. १ एप्रिल १९५७ रोजी भारतात दशमान चलन आले आणि रुपयाचे शंभर ‘नवे पैसे’ झाले; १ जून १९६४ पासून ‘नवे’ हा शब्द गळाला. त्यामुळे रुपये-आणे-पै अशी किंमत छापलेली वस्तू १९५७ पूर्वीची किंवा त्या सुमाराची, ‘न. पै.’ असे लिहिलेली १९५७ ते १९६४ या सात वर्षांतली, आणि नुसते पैसे लिहिलेली त्यानंतरची. दुसरी खूण मापाची. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा. १९५८ पासून ही मापे टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि १९६२ पर्यंत व्यापारात सक्तीची झाली. कापडावर फक्त वार किंवा यार्ड छापलेले असेल तर ते बहुधा १९६२ च्या आधीचे, आणि मीटर असेल तर १९५८ च्या आधीचे नाही. बोलण्यात वार आजही टिकून आहे, म्हणून दुकानदाराने हाताने लिहिलेला ‘९ वार’ पुरावा म्हणून कमी मोलाचा. गिरणीने छापलेला अधिक मोलाचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ च्या नियंत्रण आदेशानंतर, गिरणीच्या कापडावर ठरवून दिलेली किंमत छापावी लागत असे. घरातली मोठी माणसे ज्याला ‘कंट्रोलचे कापड’ म्हणत, ते या शिक्क्यांवरून ओळखू येते.

तिसरी खूण पत्त्याची, आणि ती सर्वांत फलदायी ठरते. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्याआधी मोठ्या शहरांत टपाल विभागाचा क्रमांक लिहीत, म्हणजे ‘मुंबई २’. तोच विभाग पुढे ४०० ००२ झाला. पेटीवर पिनकोड असेल तर ती पेटी १९७२ नंतरची हे पक्के. नसेल तर मात्र लगेच १९७२ पूर्वीची म्हणू नये, कारण छापून ठेवलेल्या पेट्या दुकानदार पुढे अनेक वर्षे वापरत. इंग्रजीत ‘बॉम्बे’ लिहिलेले असेल तर १९९५ च्या नामांतरापूर्वीचा अंदाज बांधता येतो, पण मराठी मजकुरात ‘मुंबई’ आधीपासूनच होती, तेव्हा देवनागरी पाटीवरून हा निष्कर्ष काढता येत नाही. ‘पूना’ हे इंग्रजी स्पेलिंगही १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंतचे.

राज्यांची आणि जिल्ह्यांची नावे तर विणकामाच्या गावांपुरती अतिशय नेमकी आहेत. इरकल साड्यांचे इलकल हे गाव १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्याच्या विजापूर जिल्ह्यात होते. त्यानंतर ते म्हैसूर राज्यात गेले. १ नोव्हेंबर १९७३ रोजी त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. आणि १९९७ पासून इलकल बागलकोट जिल्ह्यात आहे. म्हणजे इरकलीच्या चिठ्ठीवर नुसता जिल्हा आणि राज्य छापलेले असेल तरी चार कालखंडांपैकी कोणता हे ठरते. पैठणही १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते, येवला मात्र मुंबई राज्याच्या नाशिक जिल्ह्यात. आणि १ मे १९६० नंतर दोन्ही गावे महाराष्ट्र राज्यात आहेत.

गिरण्यांच्या शिक्क्यांबाबत एवढे लक्षात ठेवावे की गिरणीचे स्थापनेचे वर्ष ही आधीची मर्यादा असते: नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ ची, बॉम्बे डाईंग १८७९ ची. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची स्थापना १९६८ ची असून १९७४ मध्ये अनेक आजारी गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा या महामंडळाचे नाव असलेले कापड त्यापूर्वीचे नाही. गिरणगावातल्या ज्या गिरण्या १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर पुन्हा नीट चालल्याच नाहीत, त्यांचे शिक्के असलेले कापड त्या तारखेच्या आधीचे मानणे वाजवी आहे. खादीवर अखिल भारत चरखा संघाचा शिक्का असेल तर ती १९२५ नंतरची. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाचा असेल तर १९५७ नंतरची. शुद्ध रेशमाची खूण असलेला सिल्क मार्क २००४ चा, हातमागाचे बोधचिन्ह २००६ चे. बारकोड दिसला तर वस्तू फार जुनी नाही हे वेगळे सांगायला नको.

चौथी पायरी: माप आणि धागा

साडीची पूर्ण लांबी आणि पन्हा मोजावा. नऊ वार म्हणजे सुमारे ८.२३ मीटर, सहा वार म्हणजे सुमारे ५.४९ मीटर. मराठी मध्यमवर्गात नऊवारीकडून सहावारीकडे वळण्याची वाटचाल विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पावात सुरू झाली आणि ती घराघरांत वेगवेगळ्या वेगाने झाली, त्यामुळे नुसत्या लांबीवरून वर्ष ठरत नाही. सासू आयुष्यभर नऊवारी नेसली आणि सून त्याच घरात सहावारी, हे सर्रास होते. ब्लाउजपीस साडीतच जोडून विणलेला असेल तर मात्र साडी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली समजावी. नऊवारी कापून सहावारी केल्याची उदाहरणेही भरपूर आहेत. विणलेल्या टोकाऐवजी कापून दुमडलेली कड दिसली तर हीच शंका आधी घ्यावी.

धाग्याची परीक्षा जाळून करतात. शिवणीच्या आतून किंवा दशांमधून एकच धागा चिमट्याने काढावा, स्टीलच्या ताटलीवर धरून ज्योत लावावी आणि पाण्याची वाटी जवळ ठेवावी. सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि राख मऊ, करडी राहते. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि काळी गोळी बोटाने चुरडली जाते. रेयॉन, म्हणजे कृत्रिम रेशीम, चमकते रेशमासारखे पण जळते सुतासारखे. नायलॉन आणि पॉलिस्टर वितळतात आणि कडक, न चुरडणारा मणी उरतो. काढता येण्याजोगा सुटा धागा नसेल तर ही परीक्षा करू नये. साडीला इजा करून मिळवलेल्या माहितीला काही अर्थ नाही.

या धाग्यांचा काळ माहीत आहे. कृत्रिम रेशीम आपल्याकडे पहिल्या महायुद्धानंतर परदेशातून येऊ लागले आणि १९५० पासून ते भारतात तयार होऊ लागले. इरकलीच्या काठात खऱ्या रेशमाच्या जागी आलेला चमका तो हाच. नायलॉनचा शोध १९३५ चा आणि पॉलिस्टरचा १९४१ चा, पण भारतात त्यांचे उत्पादन १९६० च्या दशकातले, आणि टेरिलीन-टेरिकॉटचे शर्ट व पँट म्हणजे साधारण १९६० नंतरचे, विशेषतः १९७० च्या दशकातले कपडे.

अंधारात अतिनील विजेरी धरली की काही कापडे निळसर पांढरी चकाकतात. ही चकाकी कपडा पांढरा दिसावा म्हणून घातलेल्या रसायनांची असते आणि ती दुसऱ्या महायुद्धानंतर प्रचारात आली. मात्र हीच रसायने धुण्याच्या पावडरीतही असतात, आणि सर्फ १९५९ मध्ये, निरमा १९६९ मध्ये बाजारात आल्यानंतर जुने कपडेही त्यांनी धुतले गेले. म्हणून चकाकणारी साडी नवीच असे म्हणता येत नाही. उपयोग होतो तो तुलनेसाठी: अंग मंद दिसते आणि फक्त शिवणीचा दोरा झगझगतो, अशी चोळी नंतर उसवून पुन्हा शिवलेली आहे.

पाचवी पायरी: जर

जरीच्या साडीत सर्वांत जास्त सांगणारी वस्तू जरच असते. अस्सल जर म्हणजे रेशमाच्या तांबड्या किंवा पिवळ्या धाग्याभोवती गुंडाळलेली चांदीची चपटी तार, आणि त्या चांदीवर सोन्याचा मुलामा. भिंगाखाली झिजलेली जागा शोधावी, कारण तार जिथे सुटते तिथे आतला धागा दिसतो. झिजल्यावर पांढरी चमक आणि काळसर तपकिरी डाग दिसले तर तार चांदीची. तांबूस रंग किंवा हिरवट बुरशीसारखा थर दिसला तर तांब्याच्या तारेला मुलामा दिलेली खोटी किंवा निम्मी जर. तारेऐवजी पातळ, लवचीक, कधीही न काळवंडणारी पट्टी असेल तर ती प्लास्टिकची जर, आणि ती दुसऱ्या महायुद्धाच्या नंतरचीच असणार.

यातून एक उलटा गैरसमज दूर व्हावा. झळझळीत जर पाहून लोक ‘किती छान राहिली आहे’ म्हणतात आणि काळवंडलेली जर पाहून साडी खराब झाली असे समजतात. काळवंडणे हा चांदीचा स्वभाव आहे आणि जुन्या वस्त्रात ती चांगली खूण आहे. ती घासून, चिंच किंवा भांडी उजळायची पावडर लावून चमकवण्याचा प्रयत्न कधीही करू नये. मुलामा अतिशय पातळ असतो आणि एकदा गेला की गेला. मात्र अस्सल जर आजही बनते, त्यामुळे खरी चांदी सापडली म्हणून साडी जुनी ठरत नाही. प्लास्टिकची जर वय कमी असल्याचे सिद्ध करते. चांदीची जर वय जास्त असल्याचे सिद्ध करत नाही.

सहावी पायरी: विणकाम उलटे करून पाहणे

साडी उलटी करावी. हाताने विणलेल्या पैठणीत पदराच्या नक्षीतला प्रत्येक रंग वेगळ्या काडीवरच्या धाग्याने भरलेला असतो आणि शेजारच्या रंगात अडकवलेला असतो, म्हणून पदर आणि काठ दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखे दिसतात. उलट्या बाजूला लांब सुटे धागे लोंबत असतील किंवा ते कातरून टाकल्याच्या खुणा असतील, तर ते जॅकार्डचे (मागावर नक्षी आपोआप उठवणाऱ्या जोडणीचे) किंवा यंत्रमागाचे काम आहे आणि बहुतेक वेळा अलीकडचे. जुन्या पैठण्या नऊवारी असतात, त्यांच्या अंगावर बारीक, विरळ बुट्ट्या असतात किंवा अंग सपाट असते, आणि पदराची सगळी जमीन जरीने भरून त्यावर रेशमाची वेल, मुनिया किंवा मोर उठवलेले असतात. अंग सुती आणि काठ-पदर रेशीम-जरीचे असलेले जुने नमुनेही आहेत, त्यामुळे सुती अंग पाहून ‘ही खरी पैठणी नव्हे’ असे म्हणण्याची घाई करू नये. हा व्यवसाय विसाव्या शतकाच्या मध्यात खूप रोडावला होता आणि १९७० च्या दशकात राज्य शासनाच्या पुढाकाराने पैठणला पुन्हा उभारी मिळाली. अंगभर दाट बुट्ट्या आणि मोठाल्या मोरांच्या सहावारी पैठण्या या पुनरुज्जीवनानंतरच्या काळात अधिक दिसतात.

इरकलीत अंगाचा उभा धागा आणि पदराचा उभा धागा वेगवेगळे असतात आणि विणण्याआधी ते फासे घालून जोडलेले असतात. हा सांधा पदराच्या सुरुवातीला भिंगाने दिसतो. तो असेल तर साडी पारंपरिक पद्धतीने हातमागावर विणलेली आहे; नसेल तर ती इरकलीसारखी दिसणारी यंत्रमागाची साडी आहे. त्यानंतर काठाचा धागा तपासावा: शुद्ध रेशीम असेल तर काळाची कक्षा मोकळी राहते, चमका असेल तर १९२० च्या दशकापलीकडे जाता येत नाही.

रंगावरून काळ सांगणे मला फारसे भरवशाचे वाटत नाही. पहिला कृत्रिम रंग १८५६ चा, कृत्रिम निळीचे व्यापारी उत्पादन १८९७ चे, आणि आपल्या घरांतली बहुतेक वस्त्रे त्यानंतरचीच आहेत. ‘रंग नैसर्गिक दिसतो’ हे निरीक्षण वहीत असू द्यावे, निष्कर्षात नको.

सातवी पायरी: शिवलेले कपडे

चोळी, पोलके, झंपर, परकर, कोट, टोपी हे सगळे आतून पाहावेत. हातशिलाई दिसली म्हणजे कपडा शिवणयंत्रापूर्वीचा, असे समजू नये. यंत्रे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पावात आपल्याकडे आली असली तरी खणाच्या चोळ्या घरी हाताने शिवण्याची रीत त्यानंतरही दीर्घकाळ चालू होती. यंत्राची टीप असेल तर मात्र आधीची मर्यादा मिळते. दोरा सुती की पॉलिस्टरचा हे आधी पाहावे. शिवणीच्या आतल्या कडा हाताने तुरपलेल्या, कात्रीने नागमोडी कापलेल्या की इंटरलॉक केलेल्या आहेत हेही नोंदवावे. शिंप्याकडच्या साध्या कपड्यात इंटरलॉक बरेच उशिरा रुळले.

बंदांची तपासणी वेगळी करावी. पुढे गाठ मारायची चोळी, टिचबटणे, हूक आणि चेन हा क्रम काळाचा वाटला तरी चोळीची गाठ आजही बांधली जाते. चेनचे दात धातूचे असतील तर साधारण १९३० नंतरचा काळ, नायलॉनचे वळसे असतील तर १९६० नंतरचा. वेल्क्रोचे पेटंट १९५५ चे. शिंपल्याच्या बटणाला ओठ लावला तर गारवा जाणवतो, प्लास्टिकच्या बटणाला नाही. धुण्याच्या सूचनांची चिन्हे असलेली आतली पट्टी १९६० च्या दशकापूर्वीची नसते. गांधी टोपी १९२० च्या सुमारास रूढ झाली, तेव्हा टिळकांच्या काळातली म्हणून दाखवली जाणारी पांढरी टोपी नीट तपासावी. ही सगळी माहिती दुरुस्तीच्या शक्यतेसह वाचायची असते: बटणाखाली जुन्या दोऱ्याची भोके दिसली तर बटण बदललेले आहे.

आठवी पायरी: दागिने आणि घड्याळ

दागिन्यात नाणे जडवलेले असेल तर कालनिश्चितीची सुरुवात त्याच्यापासून करावी. राणीच्या रुपयावर इंग्रजीत ‘क्वीन’ असेल तर नाणे १८७६ पर्यंतचे, ‘एम्प्रेस’ असेल तर १८७७ नंतरचे. सातवा एडवर्ड १९०३ पासून, पाचवा जॉर्ज १९११ पासून, सहावा जॉर्ज १९३८ पासून. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली. नाणे फक्त आधीची मर्यादा देते, कारण राणीच्या रुपयांची माळ नात जन्मल्यावरही करता येते. माळेत अनेक नाणी असतील तर सर्वांत नवे नाणे धरावे, आणि कडी लावण्याचे डाख सर्व नाण्यांवर सारखे आहे का ते पाहावे. एखादेच वेगळे असेल तर ते नंतर घातलेले आहे.

सोन्याच्या दागिन्यावरचे ठसे भिंगाखाली वाचावेत. जानेवारी १९६३ च्या सुवर्ण नियंत्रणाने चौदा कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवण्यावर बंदी आली आणि ती १९६६ मध्ये उठली. मराठी घरात चौदा कॅरटचा पारंपरिक दागिना सापडला तर या तीन-चार वर्षांचा विचार जरूर करावा. बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, शुद्धतेचा हॉलमार्क २००० मध्ये सुरू झाला आणि त्याच्या पहिल्या पद्धतीत वर्षासाठी इंग्रजी अक्षर असे, ‘ए’ म्हणजे २०००, ‘बी’ म्हणजे २००१ या क्रमाने. सहा अक्षर-आकड्यांची विशिष्ट ओळख २०२१ पासूनची. ठसा नसणे म्हणजे जुना असणे, हे मात्र खरे नव्हे.

नथ, तन्मणी आणि कुडी यांतल्या मोत्यांसाठी भोकाकडे पाहावे. नैसर्गिक बसरा मोती वजनावर विकला जाई, म्हणून त्याचे भोक शक्य तितके बारीक पाडत. भोकाच्या कडेशी आतला गोल गाभा आणि बाहेरचा थर यांच्यामधली रेघ दिसली तर मोती कल्चरचा, म्हणजे शिंपल्यात मुद्दाम गाभा घालून वाढवलेला, आहे. गोल कल्चर मोती १९२० च्या दशकात जगाच्या बाजारात पसरले. नथ वारंवार ओवली जाते, मोती बदलतात, सोन्याची तार तीच राहते, याचे भान ठेवावे.

घड्याळांविषयी एवढेच सांगतो की एचएमटीचा बेंगळुरूचा घड्याळ कारखाना १९६१ चा आणि जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याचा, टायटनची घड्याळे १९८७ पासूनची, आणि क्वार्ट्झ मनगटी घड्याळ जगात १९६९ च्या आधी नव्हते. आज बाजारात ‘जुने एचएमटी’ म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ घड्याळांच्या तबकड्या नव्याने रंगवलेल्या असतात. अक्षरांच्या कडा जाड, मिनिटांच्या रेघा काट्यांशी न जुळणाऱ्या आणि रंग भडक असतील तर तबकडी मूळची नाही. फार जुन्या घड्याळात अंधारात चमकणारा लेप रेडियमचा असू शकतो, आणि तो चमकेनासा झाला तरी किरणोत्सर्गी राहतो. असे घड्याळ घरी उघडू नये आणि लेप खरवडू नये.

सगळे पुरावे एकत्र करून पाहिलेले एक उदाहरण

समजा, एक इरकल नऊवारी आहे. घरातली हकीकत सांगते, ‘पणजीच्या लग्नातली’, आणि पणजीचे लग्न १९३० च्या आसपासचे. साडीची लांबी ८.२ मीटर. पदराचा सांधा दिसतो, म्हणजे हातमाग. काठाचा धागा जळताना कागदाचा वास देतो, म्हणजे चमका. १९३० शी याचा विरोध नाही, पण आधारही नाही. एका टोकाला चिकटलेल्या चिठ्ठीवर छापलेले आहे: ९ वार, रुपये आणि न. पै., म्हैसूर राज्य. खालच्या कडेला पॉलिस्टरचा फॉल आहे आणि त्याचा दोरा विजेरीखाली झगझगतो.

आता क्रमाने वाचू. म्हैसूर राज्य म्हणजे नोव्हेंबर १९५६ नंतर आणि नोव्हेंबर १९७३ च्या आधी. न. पै. म्हणजे एप्रिल १९५७ ते मे १९६४. छापील वार म्हणजे बहुधा १९६२ पर्यंत. तिन्ही खुणा एकमेकींना धरून आहेत आणि चिठ्ठी मूळची आहे, कारण तिच्याखालचे कापड बाकीपेक्षा कमी विटलेले आहे. फॉल नंतरचा, तो बाजूला ठेवू. तेव्हा साडी १९५७ ते १९६२ या काळात विकली गेली. शिल्लक माल उशिरा विकला गेला असेल म्हणून १९६४ पर्यंत सूट देता येईल. पणजीच्या लग्नातली ही नव्हे. पण त्याच वर्षांत तिच्या मुलीचे, म्हणजे आजीचे लग्न झाले होते का, हे आता विचारण्यासारखे आहे, आणि अल्बममध्ये नेमकी कोणती पाने उघडायची हेही ठरले आहे.

नोंद आणि जतन

निष्कर्ष लिहिताना ‘साठ-सत्तर वर्षे जुनी’ असे न लिहिता ‘१९५७ ते १९६२, चिठ्ठीवरच्या किमतीवरून व राज्याच्या नावावरून’ असे कारणासह लिहावे, म्हणजे पुढच्या माणसाला ते तपासता येईल. कागद आम्लरहित असावा, पेन्सिलीने लिहावे, आणि तो साडीला टाचणीने न लावता सोबत ठेवावा. साडी धुतलेल्या जुन्या सुती कापडात गुंडाळावी, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नये, डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नयेत, आणि वर्षातून एक-दोनदा कोरड्या दिवशी उलगडून घडीच्या रेषा बदलाव्यात.

ज्या वस्तूवर एकही शिक्का नाही आणि जिच्याविषयी घरात काही सांगता येत नाही, तिच्यासाठी तारीख माहीत असलेल्या वस्तूंशी तुलना करणे हाच मार्ग उरतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात वस्त्रांचे दालन आहे आणि पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात वस्त्रांसह घरगुती वापराच्या वस्तूंचा मोठा संग्रह आहे. तिथे जाताना आपल्या वस्तूचे, टेप शेजारी ठेवून काढलेले, पदराचे, काठाचे आणि उलट्या बाजूचे फोटो सोबत न्यावेत, आणि पाहताना नक्षीपेक्षा काठाची रुंदी, जरीचा पोत आणि सांधे यांची तुलना करावी.